नेटवर्कवरचा आवाज मध्येच का तुटतो?

प्रश्न : आमच्या सभागृहात रंगमंचापासून मिक्सरपर्यंत आवाज डान्टे पद्धतीने नेटवर्क केबलवरून जातो. मधूनच ‘टक् टक्’ का ऐकू येते?

उत्तर : केबलला दोष देण्याआधी नेटवर्क स्विच तपासा. डान्टेवरची सगळी उपकरणे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. 48 किलोहर्ट्झला सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने वेळेत पोहोचावे लागतात. स्विचमधली वीजबचतीची सोय रिकाम्या क्षणी पोर्टला डुलकी घेऊ देते; जाग येईपर्यंत ठोका चुकतो. ती बंदच करा. प्रेक्षकांचे वायफाय या स्विचवर नकोच, इथे तडजोड करू नका. तांब्याची केबल 100 मीटरपर्यंत, पुढे फायबर. उपकरणांना दुय्यम पोर्ट असेल, तर वेगळ्या स्विचवरून, वेगळ्या वाटेने दुसरी केबल टाका. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्य केबल मुद्दाम काढून आवाज टिकतो का, ते ऐका.