झिजलेली आणि झिजवलेली

मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि फावल्या वेळात ओळखीच्यांच्या गिटारींचं सेटअप करून देतो. त्यामुळे वाजवून वाजवून जुनी झालेली आणि कारखान्यातूनच जुनी होऊन आलेली, म्हणजे ‘रिलिक’, अशी दोन्ही वाद्यं माझ्या टेबलावर येतात. ‘रिलिक म्हणजे शुद्ध फसवणूक’ म्हणणारे येतात, आणि ओरखड्यांवर प्रेमाने बोट फिरवणारेही. माझा कल दोघांच्या मधे कुठेतरी आहे. ज्यांना झीज आवडते त्यांच्यासाठी हे थोडं.

१. आधी मान पकडा, रंग मग बघा.
नव्या गिटारीच्या मानेमागचं चकचकीत पॉलिश घामाने चिकट होतं. मुंबईच्या मे महिन्यात, उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात, अंगठा सरकता सरकत नाही. जुनं करून विकलेल्या चांगल्या गिटारीत मागचं लॅकर उतरवलेलं असतं, फिंगरबोर्डच्या कडा गोलसर केलेल्या असतात, आणि पहिल्याच दिवशी हात असा फिरतो की जणू वाद्य आपल्याच घरात वाढलं. रिलिकमध्ये पैसे मोजण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. अर्थात साध्या गिटारीच्या मानेवर बारीक पॉलिशपेपर फिरवूनही बरंचसं साधतं.

२. खऱ्या झिजेला कारण असतं.
आयर्लंडच्या रोरी गॅलाघरची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर आठवा. १९६३ मध्ये कॉर्कच्या दुकानातून शंभर पौंडांना घेतलेली. तिचा रंग बहुतेक उडालाच होता, कारण हा माणूस रात्रभर घामाने निथळत वाजवायचा. मध्यंतरी ती चोरीला जाऊन पावसात पडून राहिली होती, ते वेगळंच. विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ला साउंडहोलशेजारी दुसरं भोक पडलंय. ती मार्टिनची एन-२०, म्हणजे नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची गिटार. तिला पिकगार्ड नसतो. विली १९६९ पासून तिच्यावर पिक चालवतोय. लाकडाने किती सहन करावं?
बेसवरही हे वाचता येतं. पिकअपच्या कडेला अंगठा टेकून टेकून पडलेला गुळगुळीत खळगा, वरच्या कडेवर कोपराखालचा हात घासून उडालेला रंग, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे चरे. बसून वाजवणाऱ्याच्या बेसच्या पाठीला बकल फार लागत नाही, आणि पिकने वाजवणाऱ्याचा अंगठा पिकअपवर नसतो. स्वस्तातल्या रिलिकवर मात्र ही सगळी लक्षणं सारख्याच जोमाने हजर असतात, म्हणजे मालक बसूनही वाजवतो, उभ्यानेही, आणि रोज जिन्यावरून पडतो. विन्स कनेटोंसारखा जाणकार हे टाळतो. १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने रिलिक मालिका आणली तेव्हा सुरुवातीच्या बॉडी आणि माना मिसुरीतल्या याच गृहस्थांनी जुन्या करून दिल्या होत्या. आज त्या गिटारी स्वतःच खऱ्या अर्थाने जुन्या व्हायला लागल्यात.

३. तुमची गिटार तशी झिजणारच नाही.
‘विकत कशाला घ्यायची, वाजवा की वीस वर्षं!’ हा सल्ला ऐकायला बरा. १९५०-६० च्या दशकांतल्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर असायचा. तो घामाने विरतो, घासून उडतो, थंडीत एकदम आकसला की त्याला केसांसारख्या भेगा पडतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेंडर पॉलिएस्टरकडे वळली, आणि आज आपल्या बजेटातल्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचं जाड कवच असतं. ते विरत नाही. आपटलं की टवका उडतो, बस्स. माझा पहिला बेस इतक्या कार्यक्रमांनंतरही लग्नाच्या वरातीला निघाल्यासारखा चकाकतो. तेव्हा तो जुना तोंडवळा हवाच असेल तर रिलिक घेणाऱ्याला हसू नये.
धातूचं म्हणाल तर कारखान्यात ब्रिज आणि स्क्रू आम्लाच्या वाफेवर धरून मळवतात. दादरच्या समुद्राजवळ राहणाऱ्यांना त्याची गरज नाही. खारी हवा दोन-चार पावसाळ्यांत ते काम फुकट करते, वर सॅडलचे स्क्रूही जाम करून देते.

४. फ्रेट बघा.
जुनं करून दिलेल्या गिटारीत सगळं खरवडलेलं असतं, पण फ्रेट कोरे! ते झिजवून कोण विकत घेईल? खरी जुनी गिटार घेताना मात्र पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाचा हमखास सापडतात. घासून किंवा बदलून त्यांचा इलाज होतो. मिरजेचा तंबोरा जवारी काढायला द्यायला कुणी कचरत नाही, तसंच याकडे बघावं. ‘मूळ फ्रेट आहेत’ म्हणून कौतुकाने ठेवलेली नि खरखरणारी गिटार मला करुण वाटते.

५. बेसवाल्यांनी तारांचा विचार करावा.
बॉडीवरच्या ओरखड्यांचा आवाज मला कधी ऐकू आलेला नाही. जुन्या तारांचा येतो. मोटाउनचे जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि तो जाडसर, गोल ठोका निम्म्या जगाने ऐकलाय. उलट जाको पास्टोरियसला लख्ख आवाज हवा होता. त्याने आपल्या फ्रेट काढलेल्या १९६२ च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर, राउंडवाउंड तारांनी रोझवुड कापलं जाऊ नये म्हणून, बोटींसाठीचं इपॉक्सी चढवलं. जगातल्या सर्वांत मोडक्या दिसणाऱ्या बेसांपैकी हा एक. फेंडरने त्याची झिजवलेली नक्कलही काढली. पण झीज जिथे नको होती तिथे मालकाने तिचा पक्का बंदोबस्त केला होता.

६. दुसऱ्याचे व्रण घ्यायचे का?
क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तीन स्ट्रॅटोकास्टरचे भाग जुळवून बनलेली, म्हणजे सरळ जोडाजोडी. २००४ च्या लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. २००६ मध्ये फेंडरने तिच्या २७५ प्रती काढल्या, प्रत्येकी २४ हजार डॉलर, सिगारेटच्या डागासकट. त्या हातोहात खपल्या. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण सिगारेट न ओढणाऱ्याने तिचा डाग गळ्यात अडकवून उभं राहायचं, हे मला झेपत नाही.

७. जुन्या गिटारीला रंग मारू नका.
घरचे सुचवतात. आमच्या सासूबाई तर दर दिवाळीला म्हणतात, “अहो, दारं रंगवताय तसा त्या गिटारीलाही एक हात मारा की, किती पोपडे उडालेत!” साध्या वाद्याला खुशाल मारा. मात्र १९५०-६० च्या दशकांतली मूळ रंगाची फेंडर हाती आली आणि तुम्ही ती चकचकीत करून घेतलीत, तर बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. विकत घ्यायला निघालात तर हेच उलट बाजूने कामाला येतं: केवळ वाजवायला हवी असेल तर कुणीतरी आधीच रंगवून ठेवलेली शोधा. लाकूड तेच, पिकअप तेच, आणि नासवण्याचा दोष तुमच्यावर नाही.