खाणीच्या आराखड्यावरील सही

बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली, की जबलपुरातील मराठी पालकांचे एकाच मजकुराचे प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतात: मुलगी जिऑलॉजी घ्यायचे म्हणते, पण डॉक्टरला नोंदणी आणि वकिलाला सनद मिळते तशी तिला काय मिळणार, आणि काहीच मिळणार नसेल तर सरळ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच का घेऊ नये? याचे स्पष्ट उत्तर असे, की भूगर्भशास्त्रज्ञांची नोंदवही ठेवून परवाना देणारी वैधानिक परिषद आपल्या देशात अस्तित्वात नाही; तेव्हा पदवी हाती येण्यापूर्वीच ‘मान्यताप्राप्त’ करून देण्याचे आमिष दाखवणारी महागडी प्रमाणपत्रे कोणीही विकत घेऊ नयेत.

अधिकार मात्र मिळतो, आणि तो त्या त्या कामापुरता मिळतो. खनिज सवलतींच्या 2016 च्या नियमांप्रमाणे खाणकामाचा आराखडा तयार करणाऱ्यापाशी भूगर्भशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा खाण अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर खाणक्षेत्रात पर्यवेक्षकाच्या नात्याने केलेले पाच वर्षांचे काम, अशी दुहेरी पात्रता असावी लागते. कटनीचा चुनखडक आणि सिहोऱ्याचे लोहखनिज ज्या शहराच्या आसमंतात आहे, आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे प्रादेशिक कार्यालयही जेथे आहे, तेथील पालकांना ही तरतूद ठाऊक नसावी याचा मला खेद वाटतो. पर्यावरण-आघाताचे अहवाल करणाऱ्या संस्थांना नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची अधिस्वीकृती लागते, आणि त्यांच्या भूगर्भ व भूजल तज्ज्ञांची पात्रताही तेथे पारखली जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेचा मार्ग सर्वश्रुत आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

अशा पात्र माणसाच्या सहीला एवढे मोल का, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ब्रे-एक्स प्रकरण वाचावे. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचा अफाट साठा असल्याचा त्या कॅनेडियन कंपनीचा दावा नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळून उभा केलेला होता, हे 1997 साली उघडकीस आले, असंख्य गुंतवणूकदार बुडाले, आणि 2001 पासून कॅनडाने साठ्यांच्या अहवालामागे पात्र व्यक्तीची जबाबदारी कायद्यानेच बांधून टाकली. अमेरिकेतील अनेक राज्यांची परवाना-परीक्षा आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची ‘चार्टर्ड’ पदवी यांतही पुस्तकी विद्येच्या जोडीला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची खातरजमा केली जाते.

आणि हा अनुभवच आमचे पालक मुलींना घेऊ देत नाहीत. वर्गात पहिली येणारी मुलगी क्षेत्र-अभ्यासाच्या शिबिराला निघाली, की घरात सुतक पडते. ‘उन्हातान्हात दगड फोडायला शिकवले का तुला?’ असे विचारणाऱ्या वडिलांना मी निक्षून सांगतो, की आपण तिची काळजी घेत नसून तिच्या पात्रतेचा मूळ दस्तऐवजच फाडीत आहात. पूर्वी कायदाही आडवा येत असे: 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत काम आणि उघड्या खाणीतील रात्रपाळी बंद होती. परंतु 2019 साली केंद्र सरकारने, लेखी संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर, उघड्या खाणीत रात्री आणि भूगर्भात दिवसा तांत्रिक व पर्यवेक्षकीय कामाची मुभा दिली. म्हणजे ज्या पाच वर्षांवाचून सही नाही, ती मुलींना सरकारने मोकळी केली आणि घराने अडवून धरली. भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत 1983 साली अंटार्क्टिकाला निघाल्या, त्याला चार दशके उलटली. आणि येथे जवळच्या लम्हेटाघाटापर्यंत जाण्यासाठी भावाची सोबत मागितली जाते!

मुलांना आणि मुलींना माझे एवढेच सांगणे आहे: पहिल्या वर्षापासून क्षेत्रवही स्वतःच्या हाताने भरा, आणि नोकरी सोडताना खाणीचे नाव, खनिज, कामाची मुदत आणि ‘पर्यवेक्षक’ हा हुद्दा स्पष्ट लिहिलेला अनुभवाचा दाखला, सही-शिक्क्यासह, त्याच दिवशी मागून घ्या, खाण बंद पडल्यावर तो द्यायला तेथे कोणी उरत नाही.