वर्गणी आणि चाचेगिरी

वर्गणी घेऊन संगीत ऐकविणाऱ्या सेवांमुळे बेकायदा नकलांना आळा बसतो काय, या प्रश्नाचा विचार करताना स्वीडनकडे प्रथम वळावे लागते. नकलांच्या देवघेवीचे 'पायरेट बे' हे कुप्रसिद्ध केंद्र २००३ साली याच देशात स्थापन झाले आणि 'स्पॉटिफाय' ही संगीतसेवाही ऑक्टोबर २००८ मध्ये येथूनच सुरू झाली.

त्या सुमारास कायद्याचा बडगाही उगारण्यात आला होता. नकला करणाऱ्यांची नावे न्यायालयामार्फत मिळविण्याची मुभा हक्कधारकांना देणारा कायदा १ एप्रिल २००९ रोजी अमलात आला, तेव्हा देशातील इंटरनेटवरील वाहतूक एकदम सुमारे एक तृतीयांशाने घटली. परंतु ती भीती फार काळ टिकली नाही. काही महिन्यांतच वाहतूक पूर्ववत झाली. त्याच एप्रिलमध्ये पायरेट बेच्या चालकांना कारावासाची शिक्षा झाली, तरी ते केंद्र काही बंद पडले नाही.

स्पॉटिफायने निराळी वाट धरली. जाहिराती सोसण्याची तयारी असेल त्याला गाणे फुकट, नसेल त्याला मासिक वर्गणीत. बेकायदा नक्कल मिळवायची तर शोधाशोध आली, प्रतीक्षा आली, आणि हाती पडेल ती नक्कल सदोष निघण्याची धास्तीही आली. चोरीपेक्षा सचोटी अधिक सोयीची झाली, हेच या यशाचे खरे कारण होय.

'चाचेगिरी' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. चाच्याने लुटलेला माल धन्याकडे उरत नाही. गाण्याची नक्कल झाली तरी मूळ गाणे जागीच राहते. म्हणूनच नुकसानीचे मोजमाप अवघड होते. युरोपीय आयोगासाठी अग्विआर व वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली ते करून पाहिले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे स्पॉटिफायवर गाणी ४७ वेळा ऐकली गेली की एक बेकायदा नक्कल कमी होते. पण १३७ वेळा ऐकली गेली की एका गाण्याची रीतसर विक्रीही बुडते. सेवेकडून मिळणारा मोबदला आणि बुडालेली विक्री यांची जवळजवळ तोंडमिळवणी होते. चोरी निश्चित घटली. धंद्याचे उत्पन्न मात्र तेवढ्याने वाढले नाही.

शिवाय ही सोय सारे संगीत एका छपराखाली असेल तोवरच. कान्ये वेस्ट या गायकाचा नवा संग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये केवळ 'टायडल' या एकाच सेवेवर उपलब्ध झाला, तेव्हा दुसऱ्या सेवेची वर्गणी भरणारे श्रोतेही त्याला मुकले, आणि संग्रहाच्या बेकायदा नकला प्रचंड प्रमाणात पसरल्या.