पिकअपच्या हौद्याला कोणतं कोटिंग? आधी माल बघा, मग डबा उघडा

छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन वाहतुकीच्या धंद्यात उतरणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "सर, नवीन गाडी काढली, हौद्याला काय लावू?" व्हिडिओत आपण प्रकार पाहिले. पण व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे हिशोब सावकाश मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा.

गाडी कर्जावर आहे, हप्ता दर महिन्याला जाणार. तीन-चार वर्षांनी कर्ज फिटतं तेव्हा गाडी खऱ्या अर्थाने तुमची होते, आणि नेमकं तेव्हाच हौद्याचा पत्रा चाळण झालेला असेल तर? पत्रा कापून नवा वेल्ड करायचा खर्च वेगळा, गाडी उभी राहिली त्याचं नुकसान वेगळं. शिवाय जुनी गाडी घ्यायला आलेला जाणता माणूस आधी मॅट उचलून खालचा पत्राच बघतो.

पत्रा सडतो कसा ते आधी समजून घ्या. कंपनीचा रंग पातळ असतो. क्रेट, पिंप, लोखंडी सळई ओढली की त्याला ओरखडा पडतो आणि लोखंड उघडं होतं. तिथे पाणी आणि हवा पोहोचली की गंज सुरू. पाण्यात मीठ असेल तर त्याचा वेग कितीतरी वाढतो. म्हणून रत्नागिरी-मालवणकडे मासळी आणि बर्फ वाहणारी गाडी आणि सोलापुरात कापडाचे गठ्ठे वाहणारी गाडी, या दोघींना एकच औषध चालत नाही. रासायनिक खताच्या गोण्या नेत असाल तर तेही मीठच समजा. फुटलेल्या गोणीतलं खत ओल ओढून घेतं आणि पत्र्यावर बसून राहतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या हौद्याचा शत्रू कोण? घासणं-आदळणं, की ओल आणि रसायन?

खडी, वाळू, डबर, सळई वाहायची असेल तर माझं स्पष्ट मत: महागडं कोटिंग करू नका. फावड्याच्या धारेपुढे कुठलाच रंग टिकत नाही. त्यापेक्षा साधा प्रायमर आणि रंग नीट मारा आणि वरून झिजायला म्हणून काहीतरी टाका, म्हणजे झीज त्याची होईल आणि मूळ पत्रा वाचेल. खडी क्रशरवरचा जुना कन्व्हेअर पट्टा भंगारात मिळाला तर उत्तम. तो बोल्ट मारून पक्का करू नका. उचलता आला पाहिजे, कारण खालची ओल वाळवावी लागते.

भाजी, दूध, मासळी, कोंबडी, खत हा ओला माल. इथे सलग, पाणी न झिरपणारा थर लागतो. दोन डब्यांचं इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरतं आणि रसायनालाही चांगलं तोंड देतं. पण ते कडक असतं. जड वस्तू आदळली की टवका उडू शकतो, आणि उन्हात त्यावर पांढरट भुकटी धरते. म्हणून इपॉक्सी खाली प्रायमर म्हणून आणि वर पॉलीयुरेथेन, ही जोडी उघड्या हौद्याला बरी पडते. पॉलीयुरेथेन ऊन जास्त सोसतं आणि थोडं लवचिकही असतं. मासळी रोजचीच असेल तर मात्र कोटिंगवर न थांबता फायबरचं अस्तर असलेला बंद डबा बघा. काही जण लोखंडावर थेट ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतात. दोन वेगळे धातू खारट पाण्यात चिकटून राहिले की गंज उलट जोर धरतो, हे लक्षात ठेवा.

फर्निचर, फ्रीज, टाइल्सचे बॉक्स वाहणाऱ्यांना पत्र्याइतकाच माल जपायचा असतो. त्यांना रबर मॅट हवी. माल घसरत नाही, हादरे कमी बसतात. प्लायवूड स्वस्त वाटतं, पण साधं प्लाय पाणी पितं आणि पत्र्याला ओला पोटीस बांधल्यासारखं होतं. टाकायचंच तर शटरिंगचं प्लाय टाका आणि कडा रंगवून घ्या.

पॉलीयुरियाबद्दल बरेच जण विचारतात. गरम करून मशीनने मारतात, काही सेकंदांत सुकतं, दोन-तीन मिलिमीटरचा रबरासारखा जाड थर बसतो. चीज चांगली आहे, पण मशीन आणि अनुभवी हात दोन्ही लागतात. रंगाच्या दुकानातून डबा आणून ब्रशने मारायचं हे काम नाही. त्याच्या खालोखाल पॉलीयुरेथेनचं बेडलायनर मिळतं, ते साध्या कॉम्प्रेसरवर जाड गनने मारता येतं. मात्र या दोन्हींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य रेस्पिरेटर लागतो. पेंटरकडे तो नसेल तर काम दुसऱ्याला द्या.

आता वजन. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण बॉडीवाला हे सांगणार नाही. समजा हौदा 3 चौरस मीटरचा आहे. त्यावर 3 मिमी लोखंडी पत्रा टाकला तर वजन साधारण 70 किलो वाढतं. चेकर्ड प्लेट त्याहून थोडी जास्तच. 8 मिमीची रबर मॅट तीस-चाळीस किलोच्या घरात जाते. 2 मिमीचं कोटिंग मात्र सहा-सात किलोत होतं. गाडीचं एकूण मान्य वजन आरसीवर ठरलेलं आहे, म्हणजे तळाला चढवलेला प्रत्येक किलो तुमच्या मालातून वजा होतो. 750 किलो क्षमतेच्या गाडीत 70 किलो म्हणजे जवळपास दहावा हिस्सा! रोज, प्रत्येक खेपेला. आणि क्षमता ओलांडून भरली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे.

खर्चाचाही हिशोब असाच करा. खालचे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावातले भाव टाका. समजा साध्या ऑइल पेंटचं काम 3,000 रुपयांत होतं आणि वर्षभर टिकतं. गाडी दोन दिवस उभी, रोजचे 1,500 रुपये बुडाले. झाले वर्षाला 6,000. जाड कोटिंगला 18,000 लागले, गाडी चार दिवस उभी राहिली, म्हणजे 24,000. ते पाच वर्षं टिकलं तर वर्षाला 4,800 पडतात. पण तुम्ही दोनच वर्षांत गाडी बदलणार असाल तर तेच 12,000 पडतात. म्हणजे कोणतं कोटिंग स्वस्त, हे डब्यावरच्या किमतीवर ठरत नाही. गाडी किती वर्षं ठेवणार यावर ठरतं. बहुतेक जण उभ्या गाडीचे दिवस धरतच नाहीत, आणि तिथेच हिशोब चुकतो.

काम टिकणार की नाही हे ठरतं खालच्या तयारीवर. तेल-ग्रीस धुऊन काढायचं, सुटा रंग आणि गंज ग्राइंडरवर वायर ब्रश लावून खरवडायचा, धूळ पुसायची. नव्या गाडीचा रंग गुळगुळीत असतो, त्यालाही पॉलिश पेपर मारून खरखरीत केल्याशिवाय वरचा थर धरत नाही. गंजावरच रंग मारला तर गंज आतल्या आत चालू राहतो आणि थर पापडासारखा सुटतो. वेल्डच्या सांध्यात सीलर भरा, कोपऱ्यांत आधी ब्रशने एक हात मारा. पाणी जाण्याची भोकं बुजवू नका! पेंटर घाईत बुजवतात आणि मग पाणी कोपऱ्यात साचतं.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस वर असावं, असा या धंद्यातला नियम आहे. पत्र्यावर न दिसणारा ओलावा असेल तर सगळं वाया. दिवाळीनंतरचे कोरडे महिने बरे. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचा. "लवकर सुकेल" म्हणून अंदाजाने जास्त ओतणाऱ्याला तिथेच थांबवा. हाताला कोरडं लागलं म्हणजे काम झालं असं नाही. इपॉक्सीला पूर्ण कडक व्हायला बहुतेकदा आठवडाभर लागतो, तोवर जड किंवा ओला माल नको.

कोटेशन घेताना "किती हात मारणार" एवढंच विचारू नका. सुकल्यावर जाडी किती मायक्रॉन भरेल ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, चांगल्या बॉडीवाल्याकडे ते सापडतं. त्याने वर्षभरापूर्वी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा. दाखवायला तयार होत नसेल तर पुढचं दार बघा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. पृष्ठभाग फार खरखरीत करून घेऊ नका. क्रेट सरकवताना हमाल वैतागतात, गोण्या फाटतात. आणि रंग काळाच घ्यायचा असं कुठे लिहिलंय? भाजी आणि फुलं नेणाऱ्यांनी फिका राखाडी घ्यावा, काळा हौदा एप्रिलच्या उन्हात तव्यासारखा तापतो. ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात घासून टच-अप करा, त्यासाठी प्रायमरचा छोटा डबा घरी ठेवा.

पुढच्या भागात ताडपत्री आणि दोऱ्या बघू. तोवर टेप घेऊन आपला हौदा मोजा आणि वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करून ठेवा.