पाच वाजले की बाबांना घरी जायचं असतं

बाबा कृषी भवनात नोकरीला होते. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. आता ते नोएडात माझ्याकडे असतात आणि त्यांना अल्झायमर आहे. संध्याकाळचे पाच वाजले की पिशवी घेऊन दाराशी उभे. "चल, घरी जाऊ. उशीर झालाय."

ते क्वार्टर पुनर्विकासात पाडलं. पहिली अटेंडंट त्यांना रोज तेच समजावायची, "अंकलजी, वो तो टूट गया." बाबांना ती बातमी रोज नवीच. एकदा त्यांनी तिच्यावर छत्री उगारली. एजन्सीने दुसरी बाई पाठवली. तिला डायपर बदलता येत होता, बीपी मोजता येत होतं. हट्ट, संशय, भास यांचं काय करायचं हे तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. आणि घरच्यांना तरी कोण शिकवतं?

आता आम्ही घर पाडल्याचा विषयच काढत नाही. "बाबा, तुमची चार्टर्ड बस किती वाजता यायची हो?" असं विचारायचं आणि चहा पुढे करायचा. बसमधल्या पत्त्यांच्या डावापर्यंत गोष्ट पोचते तोवर पिशवी खुर्चीवर गेलेली असते. खोटं बोलायला जड जातं म्हणणाऱ्यांना मी सांगते, खोटं बोलू नका, फक्त त्यांची चूक दुरुस्त करू नका.

दिल्लीचा हिवाळा या आजाराला फार वाईट. डिसेंबरात साडेपाचलाच अंधारतं, धुरक्यामुळे फिरणं बंद, मग दुपारची झोप लांबते आणि संध्याकाळी येरझाऱ्या सुरू होतात. दिवे अंधार पडायच्या आधीच लावा, पडदेही ओढून घ्या. काळ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघून बाबा "तो माणूस कोण?" म्हणून ओरडायचे. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी हवी, आणि सोसायटीच्या गेटवर प्रत्येक पाळीच्या गार्डकडे फोटो.

एका जानेवारीत दोन दिवसांत बाबा एकदम बदलले. शिव्या, मारहाण, रात्रभर जाग. जवळच्या डॉक्टरांनी आजार वाढला म्हणून गुंगीच्या गोळीचा डोस वाढवला. बाबा झोकांड्या खात बाथरूममध्ये पडले. टाके घालायला नेलं तिथे लघवी तपासली तेव्हा जंतुसंसर्ग निघाला. तो उतरला तसा आरडाओरडाही उतरला. डिमेन्शिया दोन दिवसांत असा उडी मारत नाही. वागणं अचानक बिघडलं तर आधी लघवी, बद्धकोष्ठता, दुखणं आणि नुकतीच सुरू झालेली औषधं तपासून घ्या. भासांवर देतात त्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिलाय. कधीकधी ती द्यावीच लागतात, पण कशासाठी आणि किती दिवस, हे विचारायला लाजू नका.

दिल्लीकडच्या आमच्यासारख्या मराठी घरांत आणखी एक भानगड असते. जन्म दिल्लीत काढूनही बाबांची हिंदी आधी गळाली. बाई झारखंडची. तिला मी मराठी शब्द शिकवले: शू, दुखतंय, नको, थांब, गार. "नको" कळायला लागल्यापासून आंघोळीची झटापट निम्मी झाली.

शिकवून उपयोग होतो का? गोव्यात 81 कुटुंबांवर झालेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन सल्ला देत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास स्पष्टपणे कमी झाला, रुग्णांच्या वागण्यात मात्र तेवढा ठळक फरक पडला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. बाबा पाच वाजता आजही उठतात. माझ्या पोटात गोळा येत नाही, एवढंच.

अटेंडंट ठेवताना पहिले काही दिवस तिच्यासोबत घरात राहा, आणि जे शिकाल ते नवऱ्याला, भावालाही शिकवा. हे काम एकट्या लेकीचं किंवा सुनेचं नाही. अडलात तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. स्वतःचाच धीर सुटला तर टेलि-मानस 14416, रात्रीसुद्धा.