इंग्रजी अक्षराचे नाव व त्याचा नाद

आपल्या खेड्यांतील आईबापांस मुलांच्या शिक्षणाविषयी विचारले असता बहुतेकांच्या तोंडून प्रथम हेच निघते की, लेकराला इंग्रजी आले पाहिजे. ही इच्छा थट्टेवारी नेण्यासारखी नाही. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या 'काव्यफुले' ह्या संग्रहात इंग्रजी शिक्षणाची थोरवी गायिली, ती गोरगरिबांच्या कळवळ्यानेच होय. पुढे आपल्या राज्यात मराठी शाळांतील मुलांस पाचव्या इयत्तेपासून इंग्रजी मिळे. प्रस्तुत लेखकही त्याच इयत्तेत इंग्रजी मुळाक्षरे गिरवावयास बसला. सन २००० पासून हा विषय पहिल्या इयत्तेतच आला. तेव्हा इंग्रजी शिकवावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कसे शिकवावे हा मात्र उरला आहे, आणि त्याचा भार पुष्कळदा गावच्या मास्तरांवर, किंवा संध्याकाळी मुले जमवून बसणाऱ्या उपदेशकांवर पडतो. हा पाठ त्यांच्यासाठी आहे.

काही दिवसांपूर्वी एका घरी जाणे झाले. घरधन्याने दोन शेळ्या विकून धाकट्या मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले होते. मुलाने हात बांधून सव्वीस अक्षरे एका दमात म्हणून दाखविली, आणि बापाचा चेहरा फुलला. मी पाटीवर तीन अक्षरे लिहिली. मुलगा म्हणाला, "पी, आय, एन." "मग हा शब्द कोणता?" असे विचारताच तो गप्प झाला. त्याच्या आईच्या पदराला तीच वस्तू टोचलेली होती आणि तिला ती रोज पिनच म्हणत होती. परंतु पाटीवरील अक्षरे व पदरावरील पिन ह्यांचा काही संबंध आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते. मग मी मराठीचे पुस्तक पुढे केले. तेथेही तो अडखळला. शेळ्या गेल्या, दोन वर्षे गेली, आणि वाचन कोणत्याच भाषेत आले नाही.

हे एकाच घरचे दुःख नव्हे. देशभरच्या खेड्यांतील मुलांची २०२२ साली 'असर' नावाची पाहणी झाली, तीत पाचवीच्या मुलांपैकी इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणारी सुमारे चौथा हिस्साच भरली.

ह्याचे एक मोठे कारण असे की, आपण इंग्रजी अक्षरांची नावे शिकवितो व नाद शिकवीत नाही. मराठीत हा भेद जाणवत नाही, कारण आपल्या 'क' चे नाव तोच त्याचा नाद. इंग्रजीत तसे नाही. पी, आय, एन ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून 'पिन' निघत नाही. प्, इ, न् हे नाद जोडले तरच निघतो. इंग्लंडात प्रारंभीचे वाचन कसे शिकवावे ह्याचा विचार करून २००६ साली जो अहवाल निघाला, त्यानेही नाद शिकवून ते जोडावयास लावण्याचीच शिफारस केली.

येथे मराठी शिक्षकापाशी एक साधन आयतेच आहे. आपल्या प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला असतो, म्हणून मूल 'प-इ-न' असे म्हणते व शब्द पसरट होतो. त्यास सांगावे की अक्षराचा पाय मोडून म्हण. पाय मोडका प्, पाय मोडका न्, हे आपल्या मुलांस चटकन समजते.

आरंभ सव्वीसांनी करू नये. एस, ए, टी, आय, पी, एन एवढी सहा अक्षरे पुरेत. त्यांतून पिन, टिन, पॅन, टॅप, सॅट, सिप असे कितीतरी शब्द होतात. पहिल्या आठवड्यात दोन किंवा तीन नाद घ्यावे, रोज पाव तास. लहान लिपीतील अक्षरे आधी द्यावी, मोठी मागून. कारण पुस्तकाच्या पानावर बहुतेक सारी लहानच असतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर एकेक अक्षर लिहून कापले की साहित्य तयार झाले. ही पत्रे मुलाने स्वतः सरकवून जवळ आणावी व जवळ येताना नाद जोडावे. पुढे नवे अक्षर आले की मुलाच्या ओळखीचा शब्द शोधावा. बस, कप, पेन, बॅट, नट, पंप हे शब्द आपल्या गावात कधीच वस्तीस आले आहेत. त्यांचा अर्थ सांगण्यात वेळ जात नाही.

स्वरांचे काम अवघड आहे, आणि तेथे घाई करू नये. 'बॅट' व 'बॉल' ह्यांतील स्वर जुन्या मराठीत नव्हते. त्यांसाठी आपण अर्धचंद्र घेतला. त्याच चिन्हाने मुलास नाद दाखवावा. पुढे, एकाच अक्षराचे दोन नाद कसे, असे मूल विचारील. त्यास 'चहा' आणि 'चाक', 'जग' आणि 'जागा' हे शब्द म्हणावयास लावावे. आपल्याही 'च' ला व 'ज' ला दोन नाद आहेत हे ऐकून ते हसेल, व सी अक्षराचे दोन नाद त्यास परके वाटणार नाहीत. त्यानंतर शेवटच्या मुक्या ई अक्षराची गंमत घ्यावी: टॅपच्या शेवटी ते जोडले की टेप होतो.

काही शब्द मात्र कोणत्याच नियमाने सुटत नाहीत. वन, टू, सेड, वॉज हे शब्द आठवड्यास दोन ह्या प्रमाणाने नजरेनेच पाठ करवावे. 'नाइफ' च्या आरंभी के अक्षर का, असे कोणी विचारले तर खरे ते सांगावे की, पूर्वी इंग्रज लोक तो क् उच्चारीत असत. १४७६ साली इंग्लंडात छापखाना आला व पुढे लेखन हळूहळू ठरून गेले. उच्चार मात्र बदलत राहिले. मूल चुकले तर दोष त्याचा थोडा व त्या लेखनाचा फार, हे शिक्षकाने विसरू नये. ह्यासाठी छडी उगारणे म्हणजे इंग्रजांच्या चुकीची शिक्षा आपल्या लेकरास देणे होय.

लेखनात एक गोष्ट पाहावी. आपली अक्षरे शिरोरेषेस वरून लोंबतात. इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर बसतात. म्हणून चाररेघी वही देण्यापूर्वी पाटीवर एकच रेघ ओढावी व अक्षर तिच्यावर बसवावयास सांगावे. बी व डी ही आरशातील जुळी भावंडे आहेत. ती एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

आता ज्या मुलास मराठीच वाचता येत नाही त्याचे काय? माझे मत असे की, त्याची इंग्रजी पाटी काही महिने बाजूस ठेवावी व त्यास आधी मराठी वाचते करावे. अक्षरांतून शब्द निघतो ही एकच किल्ली आहे, आणि ती ज्या भाषेचा अर्थ मुलास कळतो त्या भाषेत सहज हाती येते. तोवर इंग्रजी कानाने व अंगाने चालू द्यावे: उठ, बस, ये, जा ह्या आज्ञा इंग्रजीत द्याव्या व मुलांनी तसे करावे, चित्र दाखवून लहानशी गोष्ट सांगावी. शेळ्या विकणाऱ्या त्या बापास मी हेच सांगितले. त्यास ते प्रथम आवडले नाही. तथापि मुलगा आता रोज संध्याकाळी आईजवळ बसून मराठी धडा वाचतो, आणि परवा त्याने साबणाच्या खोक्यावरील तीन अक्षरे कोणी न सांगता जोडून पाहिली.