संगणकातील ठेव आणि तिची राखीव प्रत

घराचे खरेदीखत नोंदविले की त्याची एक प्रत निबंधक कचेरीच्या दप्तरी राहते. आपल्या ट्रंकेतील कागद वाळवीने खाल्ला, तरी कचेरीत अर्ज करून नक्कल मिळविता येते. पण मुलांच्या गुणपत्रिका, लग्नकार्याचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे आवाज आज आपण घरच्या संगणकात ठेवतो. त्यांची नक्कल देणारी कचेरी कोठेच नाही. ते दप्तर ज्याचे त्यानेच राखावयाचे असते. त्यास रूढ भाषेत बॅकअप म्हणतात.

आम्ही या बाबतीत स्वतःस मोठे सावध समजत होतो. दर महिन्यास सर्व फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचा आमचा नेम होता. संगणक टेबलाखाली असे आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. 2019 च्या ऑगस्टात बेळगावात अतिवृष्टी झाली, तेव्हा रात्रीतून आमच्या घरात पाणी शिरले आणि दोन्ही वस्तू एकाच वेळी बुडाल्या. आम्ही डिस्क उन्हात वाळवून पुन्हा जोडून पाहिली, ही दुसरी चूक. भिजलेल्या डिस्कला वीज न लावता ती जाणकाराच्या हाती द्यावयाची असते, हे आम्हांस मागाहून कळले.

त्या डिस्कवर आमच्या अम्मींचा आवाज होता. त्या 2016 साली गेल्या. त्याआधी एका दुपारी आम्ही त्यांस बोलते करून तासभर ध्वनिमुद्रण केले होते. खानापूरकडची भाताची मळणी, आठवड्याचा बाजार, त्यांच्या वडिलांचा रागीट स्वभाव, सारे त्यांनी हसतहसत सांगितले होते. ते गेले. धाकट्या बहिणीच्या निकाहाचे फोटो मात्र वाचले, कारण एका ईदला माहेरी आली असता तिने ते हट्टाने पेनड्राइव्हमध्ये भरून मिरजेस नेले होते. बॅकअप वगैरे काही तिच्या मनातही नव्हते. तिला ते सासूबाईंना दाखवावयाचे होते, इतकेच.

मोठ्यांचेही असेच होते. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी 2’ चे काम चालू असता, 1998 साली, एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढून पाहतात तो तीही सदोष निघाली. ती नीट घेतली जात नाही हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत असत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यामुळे पुष्कळसे काम परत मिळाले.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने छायाचित्रकारांसाठी लिहिलेल्या ग्रंथामुळे एक नियम प्रसिद्धीस आला : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत दुसऱ्या जागी असावी. आमच्या घरी प्रती दोन होत्या आणि जागा एकच. नियमाचे तिसरे कलम आम्ही पाळले असते तर अम्मींचा आवाज आज असता.

येथे कोणी म्हणेल, आमचे फोटो फोनमधून आपोआप गूगलकडे जातात, मग चिंता कसली? सोय उत्तम आहे. दुसऱ्या जागेची प्रत म्हणून ती जरूर वापरावी. परंतु तो आरसा आहे. फोनमधील फोटो नातवाने खेळताखेळता पुसला की तिकडचाही बहुधा पुसला जातो, आणि कचरापेटीतून तो साठ दिवसांच्या आत काढला नाही तर कायमचा जातो. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने 2023 च्या डिसेंबरपासून अमलात आणले आहे. घरातील वडील माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण उघडणार? तेव्हा पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावा. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटास संग्रह समजणे तर चुकीचेच. तेथे साध्या रीतीने धाडलेला फोटो आकसून जातो.

बाहेरची डिस्क काम होताच संगणकापासून काढून ठेवावी. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. असले प्रोग्रॅम संगणकास जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही सोडीत नाहीत.

आणि ताळा! वर्गात आम्ही मुलांस गणित सुटल्यावर ताळा करावयास लावतो. प्रतीचाही ताळा करावा, म्हणजे तीतील चारदोन फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहाव्यात. फोटो दिसला, आवाज ऐकू आला, तरच प्रत झाली असे समजावे.

आता आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी चहानंतर हे काम होते. थोरली मुलगी प्रत घेते, धाकटा ताळा करतो आणि डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवितो. डिस्का दोन आहेत. एक आमच्याकडे, वरच्या फळीवर. दुसरी मिरजेस बहिणीकडे. ती आली की अदलाबदल होते. मागल्या खेपेस ती डिस्क विसरून आली, तेव्हा भाचा दुसऱ्या दिवशी एस. टी. ने येऊन देऊन गेला.